गोळीच्या अलीकडचा अर्धा तास

रूपांतराविषयी बोलू लागले की आपल्याकडे 'निष्ठा' हा शब्द फार लवकर येतो. कादंबरीवरून नाटक झाले, नाटकावरून चित्रपट झाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुळाशी प्रामाणिक आहे की नाही? साहित्याच्या वर्गात माध्यमांतराचा तास याच प्रश्नाने सुरू होतो आणि बहुधा याच प्रश्नावर घंटा होते. या प्रश्नाला दिल्या जाणाऱ्या उत्तरांशी आमचे भांडण नाही. भांडण प्रश्नाशीच आहे. ते मांडण्यासाठी आम्ही मुद्दाम असे एक उदाहरण घेत आहोत की ज्यात निष्ठा आणि स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच कलाकृतीत, कात्रीने कापून शेजारी ठेवल्यासारखी, वेगवेगळी दिसतात.

'बॅटमन: द किलिंग जोक' हा सॅम लिऊ दिग्दर्शित अ‍ॅनिमेशनपट २०१६ च्या जुलै महिन्यात सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन मेळाव्यात प्रथम दाखवला गेला. लगोलग अमेरिकेतील चित्रगृहांत त्याचे मोजके खेळ झाले आणि मग तो घरोघरी पाहण्यासाठी उपलब्ध झाला. ॲलन मूर आणि चित्रकार ब्रायन बोलंड यांची याच नावाची १९८८ सालची चित्रकथा हा त्याचा आधार. पटकथा ब्रायन अझरेलो यांची. निर्मात्यांत ब्रूस टिम हे मोठे नाव. चित्रपटाची लांबी सव्वा तासाच्या आसपास. त्यातला पहिला सुमारे अर्धा तास पूर्णपणे नव्याने रचलेला आहे. उरलेला भाग चित्रकथेच्या मागोमाग, प्रसंगामागून प्रसंग घेत जातो. चित्रपट आला तेव्हा बहुसंख्य रसिकांनी जो निकाल दिला तो असा: पहिला भाग अनाठायी, दुसरा भाग उत्तम, कारण दुसरा भाग म्हणजे 'मूळ पुस्तकच' आहे, तेव्हा पहिला अर्धा तास पुढे सरकवावा आणि मग पाहावे. हा निकाल आम्हाला अर्धवट वाटतो. दोन्ही भाग एकाच कारणाने फसले आहेत, आणि ते कारण निष्ठेच्या कमीअधिकपणात नाही. ते कारण वाचनात आहे.

आता, सुपरहीरोच्या कार्टूनवर एवढा खल कशासाठी, असे विचारणारे विद्वान आपल्यात आहेत. त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी आमची तक्रार नाही. 

मूळ चित्रकथा पन्नास पानांच्याही आतली. जोकर वेड्यांच्या इस्पितळातून पळून जातो. एक ओसाड जत्रेचे मैदान विकत घेतो, म्हणजे विक्रेत्याला ठार करून ताब्यात घेतो. पोलीस आयुक्त जेम्स गॉर्डन यांच्या घराची घंटा वाजते, त्यांची मुलगी बार्बरा दार उघडते, दारात जोकर उभा असतो. एका हातात पिस्तूल, गळ्यात कॅमेरा. तो तिच्यावर गोळी झाडतो. गोळी तिच्या पाठीच्या कण्याला लागते. तिचे कपडे काढून तो छायाचित्रे घेतो, गॉर्डनना पळवून नेतो आणि जत्रेतल्या भुताच्या आगगाडीत बसवून तीच छायाचित्रे त्यांना दाखवतो. हेतू एकच: एखाद्या वाईट दिवसाच्या अंतरावरच वेड उभे असते, आणि शहाण्यातल्या शहाण्या माणसालाही ते अंतर ओलांडायला लावता येते, हे सिद्ध करणे. मधूनमधून जोकरचा भूतकाळ येतो: एक फसलेला विनोदवीर, गरोदर बायको, पैशांची चणचण, गुन्हेगारांनी टाकलेला गळ, त्याच दिवशी अपघातात गेलेली बायको, आणि रसायनांच्या सांडपाण्यातली ती उडी. हा भूतकाळ खरा की खोटा हे तो स्वतःही ठामपणे सांगत नाही. गॉर्डन वेडे होत नाहीत. जोकर हरतो. शेवटी पावसात बॅटमन त्याला मदतीचा हात देऊ करतो, तो नाकारतो, एक विनोद सांगतो आणि दोघेही हसत सुटतात.

एवढे कथानक सांगितले की चित्रकथा सांगून झाली असे जो समजतो, त्याला आम्ही मूळ कलाकृतीचा वाचक मानत नाही. कारण 'द किलिंग जोक'मध्ये जे घडते ते बव्हंशी चौकटींच्या मांडणीत घडते. पहिली चौकट आणि शेवटची चौकट एकच आहे: डबक्यात पडणारे पावसाचे थेंब आणि त्यांची वर्तुळे. सुरुवातीची पाने जवळजवळ निःशब्द. वर्तमानातून भूतकाळात जाताना वर्तमानातल्या शेवटच्या चौकटीत जोकर ज्या पवित्र्यात असतो त्याच पवित्र्यात पुढच्या चौकटीत तो गरीब विनोदवीर दिसतो. परत येताना पुन्हा तसेच. मर्ढेकरांनी कलाकृतीतील घटकांच्या परस्परसंबंधांना संवाद, विरोध आणि समतोल अशा लयींची नावे दिली. या चित्रकथेत एकाच आकृतीच्या दोन चौकटी शेजारी येतात तेव्हा आकाराचा संवाद आणि आशयाचा विरोध एकाच क्षणी डोळ्यांसमोर असतो. 'एकाच क्षणी' हे शब्द महत्त्वाचे. कॉमिकचे पान वाचकापुढे संपूर्ण उघडे असते. आपण तिसरी चौकट वाचत असताना सातवी चौकट नजरेच्या कडेला असतेच. गेलेला काळ आणि येणारा काळ हे दोन्ही पानावर हजर असतात. चित्रपटाच्या पडद्यावर मात्र एका वेळी एकच चित्र असते आणि ते पुढच्या चित्राला जागा देऊन नाहीसे होते. हा दोष नव्हे, हे माध्यम आहे. पण म्हणूनच, जे प्रसंग घेतले आणि मांडणी सोडली, त्यातून मूळ 'जसेच्या तसे' आले असे म्हणता येत नाही.

स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीला या कलेचे मर्मस्थान म्हटले आहे: तिथे काय घडले ते वाचक स्वतः भरतो, आणि म्हणून त्या घडण्यात तो सामील असतो. बार्बरावर झालेला अत्याचार मूळ पुस्तकात बराचसा या पट्ट्यांमध्येच आहे. चौकटीत दिसते ते थोडे: उघडलेले दार, फुटलेले काचेचे टेबल, कपड्याच्या गुंड्यांकडे गेलेला हात. उरलेले वाचकाच्या मनात घडते, आणि ते घडवल्याचा ओशाळेपणा वाचकाला चिकटतो. या मौनाचे चित्रपटाने काय केले? एक नवा प्रसंग घातला. बॅटमन जोकरच्या शोधात वेश्यांकडे चौकशी करतो. त्या सांगतात की इस्पितळातून सुटला की तो आधी आमच्याकडे येतो, या वेळी मात्र आला नाही. त्याला दुसरी कुणीतरी सापडली असावी. सूचना स्पष्ट आहे. ध्वनी आणि अभिधा यांतला फरक शिकवण्यासाठी आनंदवर्धनांचा ग्रंथ उघडण्याची गरज पडू नये असे हे उदाहरण. मुळात जे संदिग्ध होते, ज्याची जबाबदारी वाचकावर येत होती, त्याचा इथे एका पात्राच्या तोंडी खुलासा झाला, आणि तोही केवळ नायकाचा तपास एक पाऊल पुढे सरकावा म्हणून. हे चित्रपटाच्या त्या भागात आहे ज्याला निष्ठावान भाग म्हणतात.

शेवटाचेही तसेच. पुस्तकाच्या अखेरच्या पानावर दोघांचे हसणे अक्षरांत येते. ही अक्षरे चौकटीत तरंगतात. कुठले हसू कोणाचे हे हळूहळू कळेनासे होते. पोलिसांच्या गाडीचा भोंगा जवळ येतो. नजर खाली, ओल्या जमिनीकडे वळते. तिथे गाडीच्या दिव्याचा एक प्रकाशपट्टा पडलेला दिसतो. जोकरने नुकत्याच सांगितलेल्या विनोदात दोन वेडे आहेत आणि विजेरीचा झोत आहे, ज्याच्यावरून चालत एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाता येईल की नाही यावर तो विनोद उभा आहे. जमिनीवरचा तो प्रकाशपट्टाही मग नाहीसा होतो. हसणे थांबलेले आहे. बॅटमनने जोकरला ठार केले की काय, अशी शंका अनेक वाचकांना आली. ग्रँट मॉरिसन यांनी २०१३ मध्ये ती जाहीरपणे मांडली तेव्हा मोठा गदारोळ झाला. खरे खोटे करण्यात आम्हाला रस नाही. मुद्दा हा की छापील 'हा हा' या अक्षरांना गळा नसतो. ध्वनिफितीवरच्या हास्याला मात्र तो असतोच. केव्हिन कॉनरॉय आणि मार्क हॅमिल यांचे आवाज १९९२ च्या दूरचित्रवाणी मालिकेपासून बॅटमन आणि जोकर यांच्याशी इतके एकजीव झाले आहेत की डोळे मिटूनही कोण हसते आहे ते कळते. चित्रपटाने शेवट पानावरून उचलला, क्रम पाळला, आणि दोन हास्यांची सरमिसळ हे जे त्या शेवटाचे इंगित, तेच त्याच्या हातून गळून पडले. यावर उपाय काय होता? वेगळा शेवट. ध्वनीच्या भाषेत विचारलेला तोच प्रश्न. पण त्यासाठी मूळ वाक्यांना नव्हे, मूळ प्रश्नाला चिकटून राहावे लागते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हॅमिल यांनी भूतकाळातल्या विनोदवीराला जो साधा, दबलेला, क्षमा मागत बोलणारा आवाज दिला आहे, तो छापील पानाला कधीच देता आला नसता. तेवढ्या जागी हा चित्रपट रूपांतर आहे. दुर्दैवाने जागा तेवढीच.

मूळ चित्रकथाही एकच एक नाही, हे निष्ठावाद्यांना कोणी सांगत नाही. १९८८ ची आवृत्ती जॉन हिगिन्स यांनी रंगवलेली होती: जांभळा, पिवळा, नारिंगी, जत्रेतल्या दिव्यांसारखे अंगावर येणारे रंग. २००८ मध्ये बोलंड यांनी ती स्वतः नव्याने रंगवली. भूतकाळाचे प्रसंग त्यांनी जवळजवळ रंगहीन केले आणि त्यात केवळ लाल वस्तू लाल ठेवल्या. परिणाम असा की आठवणींतून लाल रंग पुढे पुढे येत जातो आणि अखेर त्या लाल शिरस्त्राणाशी पोचतो, जे घालून तो विनोदवीर रसायनांत पडतो. एक अक्षर बदलले नाही, आणि तरी दोन पुस्तके दोन रीतींनी वाचली जातात. पहिल्यात सगळेच जग बिघडलेले आहे. दुसऱ्यात एक माणूस क्रमाक्रमाने बिघडतो आहे. मग 'मुळाशी निष्ठा' म्हणजे यांपैकी कशाशी?

आता पहिल्या अर्ध्या तासाकडे. त्याच्या समर्थनार्थ दोन कारणे पुढे केली गेली. एक, मूळ कथा पूर्ण लांबीच्या चित्रपटाला अपुरी पडते. हे व्यावहारिक कारण आहे, त्यावर वाद नाही. दुसरे कारण असे की मूळ कथेत बार्बराला काही व्यक्तिमत्त्वच नाही, ती केवळ गोळी खाण्यासाठी दार उघडते. तेव्हा प्रेक्षकांनी तिला आधी ओळखावे, तिच्यात गुंतावे, म्हणजे त्या गोळीला वजन येईल. हे कारण ऐकायला न्याय्य वाटते. किंबहुना स्त्रीवादी वाटते. आमचा खरा झगडा याच्याशी आहे.

बार्बरा गॉर्डन १९६७ मध्ये कॉमिकमध्ये आली ती ग्रंथपाल म्हणून. रात्री बॅटगर्ल, दिवसा ग्रंथालय. मूरच्या कथेत गोळी झाडल्यावर जोकर तिच्या व्यवसायावरच कोटी करतो: ती जणू एक पुस्तक आहे, वेष्टनाला भोक पडले आहे, कणा दुखावला आहे. (पुस्तकाला आणि माणसाला कणा हा एकच शब्द असणे ही मराठीची सोय इथे अंगावर काटा आणते.) म्हणजे ज्या स्त्रीचे काम पुस्तके सांभाळणे, तिलाच खलनायक पुस्तक करून टाकतो, वाचली जाणारी, पुराव्यादाखल दाखवली जाणारी वस्तू. मूळ कथेतला दोष असा की कथाही तिला तसेच वागवते. जोकर तिला गॉर्डनसाठी वापरतो आणि कथा तिला जोकर व बॅटमन यांच्यासाठी वापरते. ती रुग्णालयात पडून असते आणि पलीकडे दोन पुरुष पावसात हसत असतात. मूर यांनी पुढे या पुस्तकाविषयी वारंवार नापसंती व्यक्त केली आहे. बार्बराला जायबंदी करण्याची परवानगी संपादनविभागाने किती सहज आणि किती असभ्य शब्दांत दिली हेही त्यांनी सांगितले आहे. दोष होता, तो लपलेला नव्हता, आणि चित्रपट निघाला तोवर त्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती.

या दोषावर चित्रपटाने शोधलेला उतारा काय? पॅरिस फ्रान्झ नावाचा एक तरुण गुंड बॅटगर्लच्या मागे लागतो, तिच्यावर लुब्ध होतो. बॅटमन तिला या प्रकरणातून बाजूला व्हायला सांगतो. तुला अजून या अंधाराची ओळख नाही, असा त्याचा सूर. गच्चीवर दोघांचे भांडण होते, झटापट होते आणि झटापटीचे पर्यवसान शरीरसंबंधात होते. कॅमेरा सभ्यपणे वर, एका दगडी राक्षसमुखाकडे वळतो. मग तो तिला टाळू लागतो. ती ग्रंथालयातल्या सहकाऱ्याजवळ त्याच्याविषयी उसासे टाकते. अखेर फ्रान्झला ती रागाच्या भरात जवळजवळ ठार मारते, स्वतःलाच घाबरते आणि बॅटगर्लचा वेष उतरवून ठेवते. त्यानंतर मूळ कथा सुरू होते.

मोजून पाहावे: या अर्ध्या तासात बार्बराची प्रत्येक कृती एखाद्या पुरुषाच्या नजरेला दिलेले उत्तर आहे. एक तिला मिळवू पाहतो, दुसरा तिला शिकवू पाहतो. तिला व्यक्तिमत्त्व द्यायचे ठरले आणि दिली ती एक प्रेमकथा, तीही गुरूशी. मूळ कथेत ती आयुक्तांची मुलगी म्हणून गोळीची धनी झाली. चित्रपटात ती याखेरीज बॅटमनची परित्यक्ता म्हणूनही झाली. नात्यांची संख्या वाढली, माणूस वाढले नाही. आणखी एक विपरीत परिणाम पाहा. हा शरीरसंबंध घडल्यावर, जोकरने केलेला अपराध बॅटमनसाठी आपोआप व्यक्तिगत होतो. मुळातला बॅटमन जोकरकडे समेटाचा हात पुढे करतो, त्यात एक थंड, विलक्षण उदात्तता होती. आपल्या प्रेयसीची ही दशा करणाऱ्याशी तोच बॅटमन अगदी त्याच शब्दांत समेटाचे बोलतो तेव्हा ते औचित्याला धरून राहत नाही. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित म्हटले ते अशाच जागांसाठी. दोन भाग एकमेकांना ओळखतच नाहीत. दुसरा भाग इतका निष्ठावान आहे की पहिल्या भागात काय घडले याची त्याला गंधवार्ता नाही. रुग्णालयात बार्बराच्या खाटेशी उभा असलेला बॅटमन १९८८ चाच बॅटमन आहे. कालपरवाच्या गच्चीवरचा नव्हे.

गोळीला वजन यावे म्हणून आधी गुंतवणूक, हे तर्कशास्त्रच आम्हाला संशयास्पद वाटते. ते म्हणते: अत्याचार आहे तसाच राहील, फक्त तो होण्यापूर्वी तुम्ही तिच्यावर थोडे प्रेम करून घ्या. यात बळी जाणाऱ्या पात्राला काय मिळाले? प्रेक्षकाला मात्र अधिक उत्कट दुःख मिळाले. बळीच्या पशूला आधी हळदकुंकू लावून ओवाळावे, तशातला हा प्रकार. गेल सिमोन यांनी १९९९ मध्ये कॉमिकमधल्या ठार झालेल्या, जायबंदी केलेल्या, शक्ती हिरावून घेतलेल्या स्त्रीपात्रांची जी प्रसिद्ध यादी 'विमेन इन रेफ्रिजरेटर्स' या नावाने मांडली, तिचा रोख हाच होता: स्त्रीवर आघात होतो तो कथेच्या दृष्टीने तिचा अनुभव नसतो, कुणा नायकाला हलवण्याची ती कळ असते. बार्बरा त्या यादीत होतीच. आणि चित्रपटाच्या जेमतेम वर्षभर आधी, २०१५ च्या मार्चमध्ये, 'बॅटगर्ल' मालिकेच्या एका अंकासाठी राफाएल अल्बुकर्क यांनी काढलेले पर्यायी मुखपृष्ठ त्यांच्याच विनंतीवरून मागे घेण्यात आले. त्यात भेदरलेली, रडणारी बॅटगर्ल आणि तिच्या खांद्यावर पिस्तुलाचा हात टाकलेला जोकर होता. तेव्हा हा प्रश्न चित्रपटकर्त्यांच्या कानावर नव्हता असे म्हणायला जागा नाही. प्रश्न त्यांनी ऐकला होता. त्याचे उत्तर त्यांनी कथेच्या चुकीच्या टोकाला शोधले.

कारण योग्य टोकाला ते उत्तर लिहून तयार होते, हीच या सगळ्या प्रकरणातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक दांपत्याला बार्बराला कथेबाहेर फेकले गेल्याचे पाहवले नाही. १९८९ मध्ये 'सुइसाइड स्क्वॉड' या मालिकेत त्यांनी 'ओरॅकल' नावाचे एक पात्र आणले: प्रथम केवळ संगणकाच्या पडद्यामागून माहिती पुरवणारी कुणीतरी अनामिक व्यक्ती. ती चाकाच्या खुर्चीतली बार्बरा गॉर्डन आहे, हे वाचकांना नंतर कळले. ग्रंथपालच ती, माहिती शोधणे, लावणे आणि योग्य माणसाच्या हाती देणे हे तिचे पहिल्यापासूनचे काम. जोकरने जिला पुस्तक करून टाकले होते, ती ग्रंथालय होऊन परतली. १९९६ मध्ये या दोघांनी ब्रायन स्टेलफ्रीझ यांच्या चित्रांसह 'ओरॅकल: यिअर वन' ही छोटी कथा लिहिली. तिच्यात इस्पितळ आहे, दुःस्वप्ने आहेत, पुन्हा शिकायची कामे आहेत, रिचर्ड ड्रॅगनकडून बसल्या जागी काठ्यांनी लढण्याचे शिक्षण आहे. आणि संताप आहे: आपल्या शरीरावर झालेला घाव आपल्याला उद्देशून नव्हताच, दुसऱ्या कुणाला काही पटवून देण्यासाठी आपण वापरले गेलो, हा संताप. म्हणजे मूरच्या कथेवर जो आक्षेप समीक्षक घेत होते, तो आक्षेप इथे पात्र स्वतः घेते. समीक्षा कथेच्या आत शिरली. पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे' ही ओरॅकलची स्वतःची मालिका सुरू झाली, आणि २००३ पासून ती काही वर्षे गेल सिमोन यांनीच लिहिली. सुपरहीरोंच्या त्या धट्ट्याकट्ट्या जगात चालता न येणारी एक स्त्री वीसेक वर्षे सर्वांच्या कानात बोलत, सर्वांना वाट दाखवत राहिली. २०११ मध्ये प्रकाशकांनी सगळे विश्वच नव्याने मांडले आणि बार्बराला पुन्हा पायांवर उभे केले, तेव्हा अनेक वाचकांनी, विशेषतः अपंग वाचकांनी, ती घटना लाभ म्हणून नव्हे तर हानी म्हणून नोंदवली.

तेव्हा अर्धा तास हवा होता ना? तो गोळीच्या पलीकडे होता. छापलेला, वाचकांनी पारखलेला, आणि मुख्य म्हणजे मूळ कथेला उलट प्रश्न विचारणारा. तो घेतला असता तर पावसातले ते दोघांचे हसणे चित्रपटाच्या शेवटी आले नसते, मध्ये आले असते. आणि त्यानंतर जिच्या जिवावर ते हसणे झाले तिच्याकडे आपण वळलो असतो. एका क्रमबदलाने मूळ कथेचा अर्थ तिच्यातले एक वाक्यही न बदलता पालटला असता. चित्रपटकर्त्यांनी तो अर्धा तास गोळीच्या अलीकडे घातला. त्यामुळे बार्बराची कथा ही तिने काय गमावले याची कथा झाली, तिने काय केले याची नव्हे.

याला कोणी म्हणेल, तुम्ही न काढलेल्या चित्रपटाचे परीक्षण करीत आहात. काही अंशी खरे आहे. पण रूपांतराच्या समीक्षेत हे टळत नाही. रूपांतर करणारा मूळ कलाकृतीपुढे उभा राहून निवड करतो, आणि निवडीचे मोल न निवडलेल्या पर्यायांवरूनच ठरते. शिवाय याच मंडळींना नवे रचता येत नाही असे थोडेच आहे? ब्रूस टिम यांनी एरिक रॅडोम्स्की यांच्यासह दिग्दर्शित केलेला १९९३ चा 'मास्क ऑफ द फँटॅझम' पाहावा. त्यात अँड्रिया ब्यूमाँट ही जवळजवळ नव्याने निर्माण केलेली स्त्री आहे, तिचे बॅटमनवर प्रेमही आहे, पण तिला तिचा स्वतःचा सूड आहे, स्वतःचे पाप आहे, आणि कथेचा अंत ती ठरवते. प्रेमकथा असण्याला आमचा विरोध नाही. प्रेमकथेशिवाय स्त्रीपात्राकडे दुसरे काही असू नये, याला आहे.

आणि अ‍ॅनिमेशनला चौकटींची भाषा बोलता येत नाही, असेही नाही. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' हा २०१८ चा चित्रपट कुठल्याही एका अंकाचे प्रसंगवार रूपांतर नाही, मायल्स मोरालेस हे पात्र त्याने २०११ च्या कॉमिकमधून घेतले आणि कथा आपली रचली. निष्ठावाद्यांच्या मोजपट्टीवर तो नापासच व्हावा. पण कागदावरच्या छपाईचे ठिपके, शब्दांच्या चौकोनी पेट्या, पडद्याचे होणारे तुकडे, हे सगळे तो सजावट म्हणून न घेता अर्थासाठी वापरतो. जंगलातल्या एका प्रसंगात नवशिक्या मायल्सची हालचाल सेकंदाला बारा चित्रांनी आणि अनुभवी पीटरची चोवीस चित्रांनी केलेली आहे. एकाचे अडखळणे आणि दुसऱ्याची सफाई प्रेक्षकाला कारण न कळता जाणवते. इथे आशय चित्रसंख्येत आहे. 'द किलिंग जोक'च्या चित्रपटात बोलंड यांची ती दाट, कोरीव, प्रत्येक सुरकुतीचा हिशेब ठेवणारी रेघ हालचालीच्या सोयीसाठी सपाट झाली, आणि तिच्या बदल्यात दुसरे काही आले नाही. खर्च कमी होता हे मान्य. पण कमी खर्चात स्थिर चित्रांचा, लांबवलेल्या शांततेचा, रिकाम्या पडद्याचा उपयोग करता येतो, आणि नेमकी तीच या चित्रकथेची गरज होती.

वर्गात हा चित्रपट जरूर दाखवावा, असे आम्ही म्हणू. मात्र विद्यार्थ्यांना 'काय बदलले' याची यादी करायला सांगू नये. १९८८ ची रंगवलेली पाने, २००८ ची रंगवलेली पाने, १९९६ ची ओरॅकलची कथा आणि हा चित्रपट, असे चार वाचक एका ओळीत बसवावेत आणि विचारावे की यांतल्या कोणी मूळ कथेला काय विचारले.

आणि नामावली सुरू झाली की पडदा बंद करू नये. नावे सरकू लागल्यावर मध्येच एक छोटा प्रसंग येतो. चाकाच्या खुर्चीतली बार्बरा आपल्या घरातल्या एका गुप्त खोलीत शिरते. संगणकांचे पडदे उजळतात, ती कामाला लागते, ओरॅकलचे चिन्ह झळकते. पुरते एक मिनिटही होत नाही. मग नावे पुन्हा सरकू लागतात.